किती शितं?

घड्याळं तासभर मागे नेली की लँकेस्टरला
पाचच्या आतच अंधार पडतो,
आणि मला फळ्यावरचं दिसत नाही, असं मी सांगते.
खरं तर दिवा आहे. मीच लावत नाही.
फळ्यावर डावीकडे चूक आहे,
उजवीकडे तिच्यावर उभे केलेले तेरा महिने.

चूक ग्वेनलिअनला सापडली. माझीच विद्यार्थिनी, पहिलं वर्ष.
दारातच उभी राहून, काही फोडल्यासारखी म्हणाली,
"चौथ्या लेमात तुम्ही नमुने एकमेकांपासून स्वतंत्र धरलेत.
पण ते तर एकामागोमाग आलेले आहेत."
मी "हो" म्हटलं. चहा करायला गेले
आणि किटली न लावताच परत आले.

आमच्या धंद्याचं भांडवल एका म्हणीत मावतं:
शितावरून भाताची परीक्षा.
पदव्या पुढच्या प्रश्नाच्या. किती शितं?
हजार पाहिली तर न पाहिलेल्यांबद्दल काय बोलावं
आणि कुठे जीभ आवरावी.
मशीन शिकतं, असं लोक म्हणतात.
ते जास्तीत जास्त किती चुकेल, एवढंच मी लिहिते,
आणि खाली सही करते.

वडील भूजल खात्यात होते.
जत तालुक्यात अकरा विहिरी. टेप सोडायचा,
जिथवर ओला झाला तो आकडा वहीत,
आणि अकरांवरून अख्ख्या तालुक्याचं पाणी सांगायचं.
मी विचारलं होतं, बारावी वेगळीच निघाली तर?
म्हणाले, "बारावीला एसटी जात नाही."
तेव्हा हसले होते मी.

शनिवारी मोरकँबच्या खाडीत, ओहोटी लागल्यावर,
म्हातारे थ्रेलफॉल पुढे, काठीनं वाळू टोचत.
जिथे पाय धरतो तिथे लॉरेलची फांदी रोवायची,
मागच्यांनी त्या धरून यायचं.
थोडं लांब एक फांदी आधीपासूनच उभी होती,
ताठ, हिरवी, भरवशाची. मी तिकडे वळले.
त्यांनी बाही धरली.
"ती मंगळवारची," म्हणाले. "फांदी आहे तिथेच आहे. वाळू गेली."
बुटाच्या टोकाशी जमीन दह्यासारखी हलली
आणि पुन्हा जमिनीसारखी दिसू लागली.

परतताना ते वाऱ्याबद्दल बोलत राहिले,
मी मनात एक बेरीज मांडत.

सोमवारी फळा पुसला, डावीकडून.
ग्वेनलिअननं खडू मोडून अर्धा मला दिला.
नव्या लेमात एक पद वाढलंय:
काल आजमध्ये किती वेळ रेंगाळतो, त्याचं.
मर्यादा तिपटीनं सैल झाली. परिषदेची तारीख हुकली.
समीक्षक लिहितील, निकाल आधीपेक्षा कमकुवत.
हो. आधीचा खोटा होता.
उजव्या कोपऱ्यातला, सिद्धता संपल्याचा छोटा चौकोन
तिनं मला पुसू दिला नाही.
"राहू दे, नीट काढलाय," म्हणाली.
आता तो कशाचाच शेवट नाही. नुसता चौकोन.

रात्री पातेल्यात भात.
वरचं एक शीत चिमटीत दाबून पाहिलं. शिजलंय.
डाव तळाशी घालून दुसरं काढलं.
मग कडेचं, जिथे आच पोचत नाही, तिथलं एक.
बोट भाजलं.
शेजारी वरण फोडणीसाठी ताटकळलंय,
आणि मी झाकण हातात धरून
अजून एक काढू की नको, या विचारात.